चार मेमरी कार्डं, जोतिबाचा गुलाल आणि फोटो नसलेली आजी

या सहलीची सुरुवात एका नाकावरून झाली.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, आणि त्यांची कोल्हापूरची थोरली बहीण अक्का दर रविवारी सकाळी फोनवर बोलतात. बोलतात म्हणजे आई आमच्या कोथरूडच्या गॅलरीत उभ्या राहून इतक्या मोठ्याने बोलतात, की मध्ये फोन कशाला हवा असं शेजाऱ्यांना वाटावं. विषय ठरलेला असतो: त्यांच्या आईचं नाक दोघींपैकी कुणाला आलं. ती माउली या दोघी लहान असतानाच गेली आणि तिचा एकही फोटो नाही. वाईजवळच्या खेड्यात त्या काळी फोटोग्राफर कोण बोलावणार, आणि बोलावला असता तरी ती समोर बसली नसती, यावर दोघींचं एकमत आहे. बाकी कशावरच नाही. आई म्हणतात, नाक माझ्याकडे आणि हनुवटी अक्काकडे. अक्का म्हणतात, नाक, हनुवटी आणि अक्कल तिन्ही माझ्याकडे, तुझ्याकडं फकस्त कान.

माझ्या नवऱ्याचा, मिलिंदचा, एक मित्र व्यक्तिचित्रं काढतो. त्याने हे भांडण एका जेवणात ऐकलं आणि सहज म्हणाला, "दोघींचे चांगले फोटो आणा. समोरून, बाजूने, एकाच उजेडात. दोघी सांगतील तसं जुळवून आजींचं चित्र काढतो मी." त्या दिवशी आईंनी दुपारचा चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा त्यात साखर घालायला विसरल्या. त्यांना ते चित्र इतकं हवं होतं, की त्यांनी ते मागितलंसुद्धा नाही.

अडचण अक्कांची होती. अक्का फोटो काढू देत नाहीत. आमच्या सगळ्या अल्बमांत त्या आहेत, पण पदर तोंडावर ओढलेल्या. मिलिंदच्या मुंजीत त्या एक हिरवा पदर आहेत, आमच्या लग्नात जांभळा. आईंनी कितीतरी रविवार खर्च करून त्यांना तयार केलं. शेवटी अक्का म्हणाल्या, "एकडाव बसीन. एकदाच. परत कोण कॅमेरा घिऊन आलं तर दार लावून घीन. आणि आधी जोतिबाला जावा, गुलाल घिऊन या, मगच माझ्या दारात."

अक्का बोलतात तसं वागतात, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. म्हणजे एक संधी, एक दुपार, आणि कॅमेरा माझ्या गळ्यात.

आता कार्डांकडे वळते, कारण तुमच्यापैकी निम्मे लोक त्यासाठीच इथे आले असणार. मिलिंदला घेऊन मी तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. त्याचं म्हणणं, दोनशेछप्पन्न जीबीचं एकच दणदणीत कार्ड घेऊ. माझं म्हणणं, चौसष्टची चार. दुकानदारांनी आमचा संवाद थोडा वेळ ऐकला आणि समोरच्या बिलावरून नजर न हलवता म्हणाले, "एक घेतलंत तर एकदाच रडाल. चार घेतलीत तर चारदा शोधाल. काय ते ठरवा आणि बाजूला उभे राहा, मागे गिऱ्हाईक आहे."

मी चार घेतली. एक खराब झालं तर बाकीची सहल तरी हाती राहते, हे माझं साधं गणित. कार्ड घेताना त्यावरच्या झगमगीत आकड्यांना भुलू नका. नुसते फोटो काढणार असाल तर मधल्या वेगाचं कार्ड पुरतं, व्हिडिओ भरपूर काढणार असाल तरच महागड्या वेगाचा विचार करा. रस्त्यावर निम्म्या भावात मिळणाऱ्या कार्डावर चौसष्ट लिहिलेलं असतं आणि आत जागा जेमतेम सोळाची निघते. त्यामुळे नवं कार्ड निघायच्या आधी घरीच एकदा काठोकाठ भरून बघा, मग कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करा. कार्डाच्या कडेला नखाएवढं कुलूप असतं, ते सरकलं की कॅमेरा फोटो साठवायला नकार देतो आणि नवरा म्हणतो कॅमेरा बिघडला.

आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाचे फोटो लॅपटॉपवर उतरवायचे, हा माझा कायदा. कायद्याची वाट कशी लागली ते बघा. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, शुक्रवारची सकाळ, गाडीत सामान भरताना मिलिंदने माझी लॅपटॉपची बॅग हळूच उचलून परत घरात नेऊन ठेवली. का? तर "सुट्टीत ऑफिस नको." कार्ड वाचायचं यंत्र, म्हणजे कार्ड रीडर, त्याच बॅगेत होतं. मला हे सातारा ओलांडल्यावर समजलं. माझा कॅमेरा जुना आहे, त्याला वायफाय वगैरे लाड ठाऊक नाहीत. पुढचा तास गाडीत मी आणि मिलिंद दोघंही फक्त रस्त्याकडे बघत होतो.

मागच्या सीटवर आई आणि सासरे होते. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा आयुष्यभर खडकीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. गोळ्या कुटायच्या, भुकटी करायची, कागदाच्या चौकोनावर ठेवायची आणि पुडी बांधायची. दवाखाना बंद झाला, डॉक्टर गेले, पण अण्णांची बोटं निवृत्त झाली नाहीत. आमच्या घरात लवंगा पुडीत असतात, स्क्रू पुडीत असतात, शर्टाची जादा बटणं पुडीत असतात. एकदा गॅसवाल्याला द्यायचे पैसेसुद्धा पुडीत निघाले आणि तो बिचारा अंगारा समजून कपाळाला लावायच्या बेतात होता. प्रवासाला निघताना अण्णांच्या पिशवीत वर्तमानपत्राचे सारख्या मापाचे कापलेले चौकोन असतात. ते कशासाठी, असं विचारायचं नाही. लागतात.

रस्त्याबद्दल थोडं. चांदणी चौकातून बायपासला लागलो, खेड-शिवापूरचा टोल भरला आणि खंबाटकीचा घाट चढून उतरलो. ठिकठिकाणी रस्त्याची कामं चालू होती, त्यामुळे पाच तास धरून चाला आणि सहा लागले तर चिडू नका. साताऱ्याला कंदी पेढे घेतले, सोसायटीत वाटायला. कऱ्हाडच्या पुढे उसाच्या रसाला थांबलो. कोल्हापुरात रंकाळ्याजवळ लॉज मिळाला, दोन खोल्या, प्रत्येकी दोन हजारांच्या आत, गरम पाणी सकाळी साडेआठपर्यंतच. मालक म्हणाले, "साडेआठनंतर अंघोळ कोण करतंय?" पुण्याहून आलेला माणूस करतो, हे सांगायची सोय नव्हती.

संध्याकाळी मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पावाच्या स्लाइस येतात, लादी पाव मागितलात की तुम्ही कुठले ते उघड होतं. आईंनी मागितलाच. वाढणाऱ्याने विचारलं, "पुण्याचं काय?" आई म्हणाल्या, "हो, का?" तो म्हणाला, "काय न्हाई, तिखट कमी करून आणतो." आईंनी तो अपमान मानला आणि कट दोनदा मागवून घेतला. शनिवारचा सगळा दिवस त्यांच्या पिशवीत ताकाची बाटली होती.

शनिवारी सकाळी जोतिबा. डोंगरावर जायचा रस्ता चांगला आहे, पण लवकर जा. पायऱ्या उतरायला लागलात की दोन्ही बाजूंनी दुकानं आणि सगळीकडे गुलाल. फरशी गुलाबी, शिखर गुलाबी, बाजूने जाणारं कुत्रंसुद्धा गुलाबी. "चांगभलं" म्हणत लोक गुलाल आणि खोबरं उधळतात आणि त्या उधळणीत तुमच्या गळ्यात काय आहे याचा विचार कुणी करत नाही. करूही नये. विचार आपण करायचा. कॅमेरा पारदर्शक पिशवीत गुंडाळा, लेन्स बदलू नका आणि कार्ड तर मुळीच बदलू नका. मी कॅमेरा छान गुंडाळला होता. कार्डांचं पाकीट मात्र खांद्यावरच्या पर्समध्ये होतं, पर्सची चेन उघडी होती, आणि दर्शन घेऊन बाहेर आले तेव्हा पाकिटाच्या खणाखणात बारीक गुलाल बसला होता. कितीही झटका, तो निघेना.

"ते पाकीट फेकून दे," अण्णा म्हणाले. "कार्ड पुडीत ठेवू. आत काही जाणार नाही. गोवराची साथ होती तेव्हा दिवसाला शेकड्याने बांधल्यात मी, एक सुटली नाही."

मला हे पटलं, खरंच पटलं. कार्डाचं नुकसान धुळीने होतं आणि अण्णांच्या पुडीतून धूळ काय, हवासुद्धा जात नाही. दुपारी पन्हाळ्यावर तीन दरवाजा आणि सज्जा कोठी बघितली, वाऱ्यात उभं राहून झुणका-भाकर खाल्ली आणि उजेड होता तोवर लॉजवर परत आलो. अण्णा पलंगावर मांडी घालून बसले. आईंनी सोसायटीत वाटायला किलोभर गुलाल घेतला होता. त्याच्या पुड्या बांधायचं काम निघाल्यावर अण्णांचा चेहरा असा फुलला, की लग्नाच्या फोटोतही इतका फुललेला नाही. गुलालाच्या पुड्या झाल्या, मग जोतिबाच्या आणि पन्हाळ्याच्या फोटोंची दोन कार्डं त्यांनी पुड्यांत बांधली. आणि सगळं एकाच बिस्किटांच्या डब्यात ठेवलं, कारण "एका ठिकाणी असलेलं बरं."

तुम्हाला पुढचं दिसायला लागलंय ना? आम्हाला नाही दिसलं.

रविवारी अक्कांकडे. शहराच्या कडेला बैठं घर, पुढे अंगण, अंगणात साडीवर वाळत घातलेले सांडगे. अक्का दारातच होत्या. आईंना बघून म्हणाल्या, "काय गं, वाळलीस की! पुण्यात जेवायला घालत न्हाईत व्हय?" आणि माझ्याकडे बघून, "जेवल्याबिगर फोटो न्हाई." जेवण म्हणजे पिठलं, भाकरी, खर्डा, वांग्याचं भरीत आणि वर दह्याची वाटी. मग त्यांनी हात पुढे केला. "मोबाईल द्या सगळ्यांनी."

"कशाला अक्का?" मिलिंदने विचारलं.

"मोबाईलात काढलं की सांजच्याला ग्रुपवर जातंय. मग बायका म्हणत्यात, अक्का किती म्हातारी झाली. मी झाले, त्यांचं काय जातंय? कॅमेऱ्यानं काढा. त्यो गप बसतोय."

सगळे मोबाईल गव्हाच्या डब्यात गेले. मी नवं कोरं कार्ड घातलं. दोघी अंगणातल्या बाकावर बसल्या, त्यांची आई घ्यायची तसा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. एवढ्या वर्षांनी तो घ्यायचा कसा हे दोघींच्या हातांना माहीत होतं, आणि याबद्दल मात्र भांडण झालं नाही. अक्कांनी आईंचा पदर एका बाजूने किंचित खाली ओढून सारखा केला.

मग मी कॅमेरा उचलला आणि दोघी दगड झाल्या. निवडणूक ओळखपत्रावर असतो तो चेहरा दोघींनी एकदम लावला. समोरून दगड, बाजूने दगड. हसा म्हटलं तर दात दाखवणारे दगड. त्यात अक्कांच्या डोळ्यांखाली सावली पडत होती. अण्णा म्हणाले, "थांब, उजेडाची सोय करतो," आणि स्वयंपाकघरातून स्टीलची मोठी परात घेऊन आले. कल्पना चांगली होती, मान्य करायला हवं. परातीतून उजेड छान अंगावर येत होता. फक्त तो आधी डोळ्यांत जात होता. म्हणून मी म्हटलं, "अण्णा, थोडं मागे." अण्णा थोडं मागे गेले. "अजून थोडं." अण्णा अजून थोडं मागे गेले आणि दोन्ही पायांनी सांडग्यांत उभे राहिले.

"अहोऽ!" आई.

"आरं देवा, डोळं हायत का बटनं!" अक्का.

दोघी एकदम वळल्या आणि माझं बोट बटणावर होतं, ते दाबलं गेलं. नंतर छोट्या पडद्यावर बघितलं तर फोटो कामातून गेलेला. माना वळलेल्या, भुवया चढलेल्या, अक्कांचा हात उगारलेला. मी तो उडवणारच होते, पण माझा दुसरा कायदा आडवा आला: प्रवासात कॅमेऱ्यावर एकही फोटो डिलीट करायचा नाही. घाईत भलताच उडतो आणि एवढ्याशा पडद्यावर बरं-वाईट कळत नाही. हा कायदा निदान पाळला गेला.

भरपूर फोटो काढले. निघताना अक्का म्हणाल्या, "झालं न्हवं? आता न्हाई हं परत." ते कार्ड मी कॅमेऱ्यातून काढलं, अण्णांनी त्याची पुडी बांधली आणि ती डब्यात गेली. सोमवारी काकवीची बाटली घेऊन आम्ही परत निघालो आणि संध्याकाळी कोथरूडला पोचलो.

मंगळवारी माझी घरूनच ऑफिसची मीटिंग होती. अकराच्या सुमाराला मोकळी झाले, लॅपटॉपला कार्ड रीडर जोडला आणि डबा मागितला. आई प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "झालं बाई प्रसादाचं वाटून. सगळ्यांना पेढा आणि पुडी. तुझ्या गडबडीत तुला नाही त्रास दिला."

डब्यात मूठभर पुड्या उरल्या होत्या. मी जेवणाच्या टेबलावर एकेक सोडायला लागले. गुलाल. गुलाल. जोतिबाचं कार्ड. गुलाल. पन्हाळ्याचं कार्ड. गुलाल. टेबल जोतिबाच्या पायरीसारखं झालं आणि डबा संपला. अक्कांचं कार्ड नव्हतं.

अण्णा चष्मा लावून आले. "पण घोटाळा होईलच कसा? गुलालाच्या पुडीचं टोक मी बाहेर खोचलंय, कार्डाच्या पुडीचं आत. दवाखान्यात पोटात घ्यायचं आणि वरून लावायचं असंच वेगळं ठेवायचो आम्ही."

"अहो, तुमचं टोक ओळखायला मी पेशंट आहे का?" आई म्हणाल्या, आणि तिथेच खुर्चीवर बसल्या. मग आवाज बदलला. "ती परत नाही बसायची गं. मी ओळखते तिला." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी या घरात आल्यापासून त्यांना टीव्ही बघतानासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. अण्णांनी टेबलावरचे चौकोन गोळा करून एकावर एक नीट रचले, आणि मग त्यांचं काय करायचं ते न कळून हातात धरून उभे राहिले.

आम्ही निघालो. आई पुढे, मी मागे, अण्णा रिकामा डबा घेऊन सगळ्यांत मागे. पुण्यातल्या सोसायटीत दारोदार जाऊन दिलेला प्रसाद परत मागणं, हा अनुभव कोणत्याही साहसी पर्यटनात मिळणार नाही. तळमजल्यावरच्या काकांनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "असं आहे होय," ते म्हणाले. "प्रसाद परत घ्यायची पद्धत निघाली, आम्हाला कल्पना नव्हती. सूचना फलकावर काही लागलं नाही." पुडी आणली, उघडली. गुलाल. "आता ही उघडी झाली. बंद असलेली दुसरी आणून द्या." पेढा परत हवाय का, हेही त्यांनी विचारून घेतलं.

पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या पुडीतला गुलाल सकाळीच नव्या स्कूटरला लावला होता. स्कूटर बघून घेतली, लावला होता. समोरच्या फ्लॅटमध्ये आयटीतली दोन मुलं भाड्याने राहतात. त्यांच्यातला एक नांदेडचा, एक लखनौचा. लखनौच्याने दार उघडलं, ओठ गुलाबी होते.

"आँटी, वो कोकम वाला पावडर था ना? पानी में डाला, टेस्ट कुछ अजीब था."

आतून नांदेडचा ओरडला, "काकू, मी सांगितलं होतं त्याला, आधी वास घे!" लखनौच्याने थुंकून टाकलं होतं म्हणे, तरी अण्णांनी त्याला जीभ बाहेर काढायला लावली, तपासली आणि गुळण्या करायला पाठवलं. इथेही कार्ड नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर शेखचाची राहतात. त्यांच्या घराण्याचा पेठेत पिढ्यान्पिढ्या शिवणकामाचा धंदा, आणि आईंचे सगळे ब्लाउज त्यांच्याच हातचे. आईंनी विचारलं आणि चाची आत गेल्या. काचेच्या कपाटातून, चांगल्या कपबश्यांच्या शेजारून, पुडी दोन्ही हातांवर घेऊन आल्या. जशी दिली होती तशी.

"आम्ही उघडली नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या देवाचं आहे. आपण होऊन कसं उघडायचं? म्हटलं तुम्हाला विचारून काय ते करू. पेढा मात्र ठेवला नाही, तो लगेच खाल्ला."

अण्णांनी लांबूनच बघितलं. "टोक आत आहे," ते म्हणाले.

आईंनी पुडी सोडली. काळं चिमुकलं कार्ड तळहातावर पडलं. आईंनी ते कपाळाला लावलं. चाची बघतच राहिल्या. "आता प्रसादाला सिमकार्ड द्यायला लागले का?" मग मी सगळी हकीकत सांगितली. चाची आधी हसल्या, मग आईंच्या आईची गोष्ट आल्यावर हसायच्या थांबल्या आणि चहा ठेवला. आम्ही तिथेच बसून तो प्यायलो. आई शेवटपर्यंत मूठ मिटून होत्या, कप डाव्या हातात.

ते कार्ड मी त्याच दुपारी लॅपटॉपवर उतरवलं, मग वेगळ्या हार्ड डिस्कवर. तुम्हीही दोन ठिकाणी ठेवा, आणि दोन ठिकाणं म्हणजे एकाच डब्यातले दोन कोपरे नव्हेत.

दगडांचे फोटो चित्रकार मित्राकडे गेले. त्याने मन लावून काम केलं. फोनवर अक्कांना विचारलं, इथे आईंना विचारलं, नाक असं, कपाळ तसं, आणि महिन्याभराने चित्र आणून दिलं. सुरेख चित्र होतं. आई बराच वेळ बघत राहिल्या. "बाई छान आहे," त्या म्हणाल्या. "कोण आहे?"

मित्र बिचारा खजील झाला. त्याचा दोष नव्हता. दुसरा एखादा फोटो उपयोगी पडतोय का बघू, म्हणून मी लॅपटॉपवर त्या दुपारचे सगळे फोटो ओळीने दाखवायला लागले. दगड, दगड, परात, दगड. मधेच तो वाया गेलेला फोटो आला आणि मी पुढे सरकवला.

"थांब. मागे जा."

मी मागे गेले. आई खुर्चीवरून पुढे वाकल्या. एक भुवई चढलेली, ओठ एका बाजूला दाबलेले, रागात जरासं हसू लपलेलं. अक्कांच्या चेहऱ्यावर जे होतं तेच, रेघ न रेघ, आईंच्या चेहऱ्यावर होतं. मी इतके दिवस त्या दोघींच्या नाका-हनुवट्यांकडे बघत होते, पण हे काही मला दिसलं नव्हतं.

"ही बघ," आई हळू म्हणाल्या. "दूध उतू गेलं की अशीच बघायची. ही माझी आई."

त्यांनी पडद्याला हात लावला नाही. पदर मात्र सारखा केला. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी मिलिंदला उगीचच लॅपटॉपच्या बॅगेवरून बोलले.

चित्र मित्राकडेच राहिलं. त्या फोटोच्या दोन मोठ्या प्रती काढल्या आणि एक कोल्हापूरला पाठवली. अक्कांचा फोन रविवारची वाट न बघता आला. म्हणाल्या, "दाराच्या समोरच लावलीय. बाहेर जाताना तिला सांगून जाती मी."

या सहलीतून मागे काय राहिलं, असं मला विचाराल तर दोन कार्डं भरून जोतिबा आणि पन्हाळा आहे, तो मी अजून धड बघितलेलाही नाही. कॅमेऱ्याच्या पट्ट्यात गुलाल आहे. लॅपटॉपची बॅग आता गाडीत मी स्वतः ठेवते आणि गाडीची किल्लीही माझ्याकडेच असते. कार्डांना प्लास्टिकची डबी घेतली आहे. अण्णांना ती आवडलेली नाही, "खडखडते" म्हणतात.

दुसरी प्रत आमच्या जेवणाच्या टेबलाजवळ आहे. अण्णांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय, आणि साखरेचा डबा नेमका त्या फोटोखालीच येतो. परवा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर अण्णा चमचा हातात धरून, भिंतीकडे बघत नुसते उभे होते.

"काय झालं अण्णा?"

त्यांनी चमचा रिकामाच डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं.

"आधी एकटी रागवायची," ते म्हणाले. "आता तिघी रागवतात."